नियमात पाणी नव्हतं

नियम धोंडीराम मिस्त्रीनं स्वतः लिहिले होते, आणि ते लिहून झाले त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यावरून बबनरावाला शिव्या देणारे आजही पुष्कळ भेटतात, आणि त्या शिव्या त्याला शोभतातही. पण कागदाखाली सही धोंडीरामची होती.

शिरूर कासारच्या बाहेर, पाटोद्याच्या रस्त्याला धोंडीरामचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे आणि तेलानं काळी झालेली जमीन. पण माणूस असा, की ट्रॅक्टर रस्त्यावरून जाताना नुसता आवाज ऐकून सांगायचा, याचा पंप महिन्याभरात बसणार. आणि तो बसायचाच. म्हणून सहकारी साखर कारखान्याच्या शर्यतीचा पंच दरवर्षी तोच.

ही शर्यत पळायची नव्हे, ओढायची. दगडांनी भरलेली ट्रॉली, तिची चाकं फिरू नयेत म्हणून साखळीनं बांधलेली; ती ट्रॅक्टरनं फरफटत न्यायची. जो जास्त फूट नेईल तो पहिला. गळीत सुरू व्हायच्या आधी ही शर्यत व्हायची आणि एके काळी तिला तीस-तीस ट्रॅक्टर उतरायचे. मग त्यात बबनराव उतरला. कारखान्याचा संचालक, टँकरचा ठेकेदार, आणि हौस म्हणाल तर गावाला पुरून उरेल एवढी. त्यानं इंजिनाला मोठा पंप बसवला, बाहेरून टायर आणले, आणि ट्रॅक्टरच्या नाकाशी पाच क्विंटल लोखंडी वजनं टांगली. पुढं वजन असलं की नाक खाली दबून राहतं, मग मागून कितीही ओढा. तीन वर्षं ढाल त्याच्याच ओसरीवर. बाकीच्यांनी काय करावं? त्यांनी यायचं सोडलं. गेल्या वर्षी तीनच ट्रॅक्टर आले आणि माणसं भेळ खाऊन घरी गेली.

यंदा मात्र नुसत्या ढालीचा प्रश्न नव्हता. दुष्काळाचं तिसरं वर्ष. ऊस निम्म्यावर आलेला. कारखान्याला वाहतुकीला वीसच ट्रॅक्टर लागणार होते, त्यातले एकोणीस ठरून गेलेले. उरलेल्या एका जागेसाठी चेअरमन आप्पारावांच्या दारात रोज पन्नास चपला. शेवटी वैतागून त्यांनी जाहीर केलं, की जो शर्यत मारील त्याचा ट्रॅक्टर विसावा. आणि धोंडीरामला बोलावून सांगितलं, की नियम असे करा, गरिबालाही उतरता आलं पाहिजे.

धोंडीरामच्या मनात त्याच घडीला एक माणूस आला. त्याचा जावई त्रिंबक. तलावापलीकडच्या वस्तीवर राहायचा, जुना, तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर त्यानं उभा केला होता. आणि त्रिंबक मनात आला तो मुलीमुळं. वत्सला लग्नाच्या वर्षापासून ऊसतोडीला जात होती. सहा हंगाम. दोन वर्षांमागं मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना ती घसरली आणि डावा हात कोपरात मोडला. तो तसाच वाकडा बसला. त्याच हातानं ती परत तोडीला गेली. विसावी जागा त्रिंबकला मिळाली असती तर ट्रॅक्टर फडावर गेला असता आणि वत्सला घरी राहिली असती. धोंडीरामला बाकी काही नको होतं.

लबाडी करायची नाही हे त्यानं ठरवलं होतं, आणि नियमांत ती नव्हतीही. इंजिन कंपनीनं दिलं तसंच. शर्यतीसाठी खर्च पाच हजारांच्या वर नाही, पावत्या पंचाला दाखवायच्या. पुढची वजनं सगळ्यांनी काढायची. साखळी सगळ्यांची एकाच उंचीच्या हुकात. ओढून झाल्यावर ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर मैदानाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर ओढ धरायची नाही. आणि शेवटचा: पंचानं बॉनेटवर तांबड्या रंगाची खूण केल्याशिवाय कुठलाही ट्रॅक्टर ओळीवर येणार नाही.

वजनं काढायचा नियम लिहिताना त्याचा हात थोडा थबकला होता. नाकावर वजन नसलं तर ट्रॅक्टर पुढून उठतो, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्यानं हिशेब केला. नाक उठायला मागच्या चाकांनी जमीन घट्ट धरावी लागते. यंदा शर्यत आटलेल्या तलावात; तिथल्या भेगाळ मातीत, साध्या हवेच्या टायरावर, चाक आधी घसरणार. घसरलं की जोर संपला. नाक उठायची वेळच येणार नाही. हिशेब चोख होता. त्यात एकच गोष्ट राहिली, आणि ती राहावी याचं नवल करावं तेवढं थोडं, कारण त्या वर्षी त्या मुलखात माणसं दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हती.

बावीस ट्रॅक्टर उतरले. लांबच्या युसूफ वडगाव या गावाहूनसुद्धा दोघं आले. आटलेल्या तलावाच्या तळात पताका लागल्या. जिथं पूर्वी म्हशी गळ्यापर्यंत बुडायच्या तिथं उसाच्या रसाचे गाडे उभे राहिले, फक्त रसात बर्फ नव्हता. धोंडीराम नव्या टोपीत फिरत होता आणि माणसं त्याला म्हणत होती, मिस्त्री, यंदा खरी शर्यत.

पहिल्या फेरीला सकाळभर सगळं त्याच्या हिशेबानं चाललं. चाकं घसरत होती, धुरळा उडत होता, कुणी पंचवीस फूट, कुणी तीस. त्रिंबकनं चाळीस नेले आणि वस्तीवरच्या बायांनी त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

मग बबनरावाचा ट्रॅक्टर आला. वर म्हाळू, त्याचा ड्रायव्हर. बारीक अंगाचा, गरीब माणूस, मालकानं बस म्हटलं की बसणारा. त्यानं क्लच सोडला आणि चाक घसरलंच नाही. मातीत दात रोवल्यासारखं ते पुढं गेलं, आणि पुढची दोन्ही चाकं वीतभर वर उठून धाडकन खाली आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ट्रॅक्टर साठ फुटांवर जाऊन थांबला.

 धोंडीराम चालत गेला आणि हातातल्या पान्यानं मागच्या टायरवर ठोका मारला. हवेचा टायर ढोलासारखा वाजतो. हा वाजला नाही. भरल्या रांजणावर मारावं तसा बद्द आवाज आला. त्यानं व्हॉल्व्हची पिन दाबली, तर पाण्याची चिळकांडी त्याच्या शर्टावर उडाली.

टायरात पाणी भरणं ही काही नवी विद्या नव्हे. चिखलणीला, ओढकामाला शेतकरी भरतातच. चाक जड होतं, जमीन धरतं. सुकाळात धोंडीरामनं स्वतः शेकड्यांनी टायर भरून दिले होते. पण ज्या वर्षी वस्तीवर आठव्या दिवशी टँकर येतो त्या वर्षी बारा-बारा घागरी पाणी कुणी चाकात कोंडील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बबनराव हसत जवळ आला. त्यानं खिशातून पावत्यांचं पुडकं काढून पुढं धरलं आणि विचारलं की पाण्याला कुठं पावती असते? खर्च पाच हजारांच्या आतच होता. टँकर त्याचाच होता. टायर भरले त्या दिवशी तो कुठल्या वस्तीवर गेला नव्हता, ते नंतर कळलं.

धोंडीराम तडक आप्पारावांकडं गेला. मांडवात ते खुर्चीवर बसून पंख्याचं वारं घेत होते. धोंडीरामनं सांगितलं की साहेब, पाणी तरी बंद करा, नाहीतर वजनं तरी परत लावू द्या. वजनाशिवाय पाणी म्हणजे ट्रॅक्टर मागं उलटतो, ड्रायव्हर खाली सापडतो, आणि त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आप्पाराव वाईट माणूस नव्हते. पण भर शर्यतीत नियम बदलला तर बबनराव काय बोंब मारील ते त्यांना ऐकू येत होतं: मिस्त्रीनं जावयासाठी बदलला. त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला, की पाणी सगळ्यांनाच भरू द्या. मग अन्याय कुणावर?

"नियम तुमचा, खूण तुमची," ते म्हणाले. "तुमीच लिहा त्यात. पाण्याला हरकत न्हाई म्हून."

आणि वजनं? धोंडीराम विचारणार होता, पण मागं त्रिंबक येऊन उभा राहिला होता. तो हळूच कानाशी म्हणाला, "मामा, वजनं आणू नका. वजनं त्याच्या गोदामात पडून हायत. आपल्यापाशी काय हाय? पाणी तरी आपण कसंबी करू."

धोंडीरामनं खिशातून नियमांचा कागद काढला. त्यानं कागदावर सातवी ओळ लिहिली आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं ठळक आलं.

अंतिम ओढ चौथ्या दिवशी. पहिले दोघंच त्यात, म्हाळू आणि त्रिंबक. मधल्या दिवसांत धोंडीरामचं दुकान बंद नव्हतं, पण काम होत नव्हतं. गिऱ्हाईक काय बोलतंय ते त्याला दोनदा विचारावं लागायचं. जेवायला बसला की तांब्याकडं बघत राहायचा. त्याच्या बायकोनं विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, काही नाही, ऊन लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो तलावावर पोचला तेव्हा त्रिंबकचा ट्रॅक्टर आधीच उभा होता. धुतलेला नव्हता, पण मागचे टायर तुकतुकीत फुगलेले. बाजूला वत्सला बसली होती. ओठ फुटलेले, केसांत माती. धोंडीरामनं विचारलं, पाणी कुठून आणलं? ती अभिमानानं सांगायला लागली. टँकर आला तेव्हा वस्तीवरच्या प्रत्येक घरानं एक-एक घागर दिली. छबुबाईनं दोन दिल्या, तिच्या घरात म्हातारी अंथरुणाला असूनही. त्रिंबकचा ट्रॅक्टर लागला तर वस्तीला एक आसरा होईल, म्हणून. तेव्हापासून घरात त्यांनी पिण्यापुरतंच ठेवलं होतं.

"ह्यांना जरा भीती वाटत हुती," ती म्हणाली. "मी म्हनलं, आबाची खूण हाय ना बॉनेटवर. आबा खूण करत्यात म्हंजी भीती न्हाई."

अंतिम ओढीची खूण अजून करायची होती. धोंडीरामनं ब्रश डब्यात बुडवला आणि आधी म्हाळूच्या बॉनेटवर तांबडी रेघ ओढली, मग जावयाच्या. दोन्ही रेघा सारख्याच होत्या. त्या ओढताना तो मनाशी म्हणत होता की काही होणार नाही, जमीन भुसभुशीत आहे, काही होणार नाही. दगडांची ट्रॉली मात्र आज दीडपट भरली होती.

चिठ्ठीत पहिला नंबर त्रिंबकचा निघाला. त्यानं साखळी ताणायला ट्रॅक्टर थोडा पुढं घेतला, नुसती ताणायला. आणि पुढची चाकं वर उठली. वीतभर नाही, कमरेएवढी. क्षणभर तशीच लटकली आणि खाली आली. लोक ओरडले, आनंदानं. त्रिंबकनं मागं वळून पाहिलं आणि तो हसला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मग धोंडीराम धावला. साठीचा माणूस, धोतर सावरत धावला. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह नेमका खाली आला होता. त्यानं गुडघ्यावर बसून चिमट्यानं पिन ओढून काढली आणि पाणी जोराच्या धारेनं सुटलं. एका चाकाचं गेलं तरी बस होतं. एक चाक हलकं झालं की तेच घसरणार.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बाया धावल्या. कुणाकडं घागर, कुणाकडं कळशी, एकीनं पदरच पसरला. भेगांत पाणी मुरायच्या आत त्या ते भरत होत्या, काळं, रबराच्या वासाचं पाणी, आणि एकमेकींना ढकलत होत्या. त्रिंबक वर बसून सासऱ्याला नको ते बोलत होता. वत्सला जागची हलली नाही. ती बापाकडं बघत होती, आणि त्या नजरेपुढं धोंडीरामला मान वर करता आली नाही.

चाकात हवा भरून त्रिंबकनं ओढ घेतली. चाक घसरलं. दहा फूट.

आता म्हाळू. धोंडीरामच्या हातात चिमटा होता. तो म्हाळूच्या चाकाशी गेला, वाकलाही. बबनराव पलीकडून म्हणाला की स्वतःच्या जावयाचं सोडलंस, आता आमच्या चाकाला हात लावून बघ. पण खरं सांगायचं तर धोंडीराम त्या दमाला भ्याला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. दहाच फूट मोडायचे आहेत. म्हाळूनं हळूहळू पंधरा फूट नेले तरी तो जिंकला. जोर लावायचं कारणच नाही. मग पाणी सोडून भांडण कशाला वाढवायचं? हिशेब पुन्हा चोख होता.

तो म्हाळूला म्हणाला, "हळू सोड. पंधरा फूट बास हायत. त्याच्या म्होरं जाऊ नको."

म्हाळूनं मान हलवली. त्यालाही तेच हवं होतं. त्याची बायको केशरबाई गर्दीत पुढंच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

पण बबनरावानं दहा फुटांवर जिंकण्यासाठी एवढा खटाटोप केला नव्हता. चार हजार माणसं बघत होती. तो पुढं आला आणि म्हाळूला म्हणाला, "पार तलावाच्या बांधापर्यंत न्यायचा बे. न्हाईतर उद्या येऊ नको."

म्हाळूनं एकदा धोंडीरामकडं बघितलं, एकदा मालकाकडं. मग त्यानं इंजिन वाढवलं.

नाक उठलं. कमरेएवढं, मग माणसाएवढं, आणि या वेळी ते खाली आलं नाही. चाकांनी जमीन सोडली नाही, कारण ती सोडू नये म्हणूनच तर पाणी भरलं होतं. ट्रॅक्टर सरळ उभा राहिला, पुढची चाकं आभाळाकडं करून, आणि मग मागं पडला. एक, दोन म्हणायलाही वेळ झाला नाही.

धुरळा बसला तेव्हा ट्रॅक्टर उलटा होता आणि इंजिन बंद पडलं होतं. वरचं चाक सावकाश फिरत होतं. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह तुटला होता आणि त्यातून स्वच्छ पाणी वाहत होतं, म्हाळू जिथं होता तिथून, भेगाभेगांतून, उतारानं बायांच्या पायांपर्यंत. बाया घागरी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. ते पाणी भरायला एकही पुढं झाली नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्याचं पत्र आलं. म्हाळूचा ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर मैदानाबाहेर गेला नव्हता, म्हणून त्याची ओढ धरता येत नव्हती. नियमच तसा होता. दहा फुटांवर विसावी जागा त्रिंबकची झाली. बबनरावानंही फार ताणलं नाही. त्याचे चार ट्रॅक्टर आधीच्या एकोणिसांत होते.

वत्सला घरी राहिली. कोयता तिनं आढ्याला खोचून ठेवला. बापाशी ती बोलते, पण पूर्वीसारखी दुकानात येऊन बसत नाही.

दिवाळी झाल्यावर त्रिंबक तोडीची माणसं घेऊन निघाला. वाटेत टायरला हवा कमी वाटली म्हणून त्यानं ट्रॅक्टर दुकानाशी थांबवला आणि चहाला गेला. ट्रॉलीत माणसं, भांडी, बांधलेली गाठोडी. कडेला केशरबाई बसली होती. मांडीवर नवा कोयता, फडक्यात गुंडाळलेला.

धोंडीरामनं नळी लावली. मान खाली घालून तो चाकाशी बसला होता, आणि ती वरून शांतपणे बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मिस्त्री, एक इचारू का? तुमी दोघांच्या बी चाकांपाशी गेलता. वाकला बी व्हता. मंग एकाचंच पानी कावून सोडलं?"

धोंडीरामनं हवा भरली, नळी काढली, टोपण लावलं. सवयीनं पान्याचा एक ठोका टायरवर मारला. आत नुसती हवा होती. त्रिंबक चहा पिऊन आला, त्यानं ट्रॅक्टर चालू केला, आणि ट्रॉली पाटोद्याच्या रस्त्याला लागली तरी केशरबाई मान वळवून उत्तराची वाट बघत होती.